लिफाफ्यावरचं नाव

१

दोन नंबरच्या शीतकक्षाचं दार उघडलं तेव्हा आत हाडं गोठवणारी थंडी होती, आणि तिनंच सगळ्यांना फसवलं. फळ्यांवर खोकी जागच्या जागी, नळ्यांवर हिम, पंख्यांची घरघर नेहमीचीच. मग माल काढायला आलेल्या हमालाचं लक्ष टिकल्यांकडे गेलं. प्रत्येक खोक्यावर एक पांढरी टिकली चिकटवलेली असते. आतला माल मर्यादेबाहेर गरम झाला की ती लाल होते आणि पुन्हा जन्मात पांढरी होत नाही. त्या सकाळी एकूण एक टिकली लालभडक होती.

खोक्यांत भाजलेल्या रुग्णांसाठी दानात मिळालेली त्वचा होती. माल हॉस्पिटलचा. हॉस्पिटलनं लागलीच आपली तपासनीस धाडली. वयानं लहान, भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली, आणि नेटवर्कच्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकण्यात हात बसलेला. निघताना ती जळीत वॉर्डातून आली होती. एका वेल्डरची शस्त्रक्रिया रद्द झाल्याचं त्याला तिनंच सांगितलं. "मग आता मला काय चिकटवणार? वर्तमानपत्र?" एवढंच तो म्हणाला होता. तिला हसू आलं नव्हतं.

शीतगृह एका कुटुंबाचं होतं. टेबलाच्या डोक्याशी मालकीणबाई बसल्या होत्या. त्यांना कामगार मोठ्या बाई म्हणत. एका बाजूला त्यांचे दोन मुलगे, थोरला आणि धाकटा. थोरल्याची बायको, घरची सूनबाई, भिंतीला टेकून उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"एवढीशी पोर पाठवली?" मोठ्या बाईंनी तपासनिसाला आपादमस्तक न्याहाळलं. "असो. शोधण्यासारखं काही उरलेलं नाहीये. यंत्रच बोलतंय."

यंत्र खरोखरच बोलत होतं. गोठवणाऱ्या नळ्यांवर हिम साचलं की हीटर लावून ते वितळवावं लागतं, आणि त्याआधी माल बाहेर काढायचा हा तिथला साधा नियम. काल दुपारी, सगळे जेवत असताना, माल आत असतानाच 'वितळव' असा हुकूम सुटला होता. यंत्राच्या अहवालात हुकूम देणाऱ्याच्या जागी सूनबाईचं नाव होतं.

"गेल्या महिन्यात सगळा कारभार हिच्या हाती दिलास, आई," धाकटा म्हणाला. "पोटच्या पोरांना डावलून. घे आता, कारभार वितळला."

"तुझ्याकडे दिला असता तर गहाण पडला असता. गप बस."

तपासनिसानं विचारलं, "काल त्या वेळी कोण कुठे होतं?"

"मी वर घरात, नातीला भरवत होते," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मी खाली, गाड्यांपाशी," धाकटा म्हणाला. "ड्रायव्हर साक्षीला आहेत."

थोरल्यानं तपासनिसासाठी खुर्ची ओढली, पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या खोलीत तिच्याशी माणसासारखं वागणारा तेवढा एकच. "मी हिशेबाच्या खोलीत होतो. जेवलोही तिथंच, जागचा हललो नाही." मग आईकडे वळून हळूच म्हणाला, "आई, चूक झाली असेल तिच्याकडून. माणूस आहे. कामावरून काढ हवं तर, पण पोलीस नको."

"आणि तुम्ही?" तपासनिसानं भिंतीकडे पाहून विचारलं.

"ऑफिसात. कॉम्प्युटरसमोर. एकटी," सूनबाई म्हणाली. "म्हणजे तुम्हाला जसं हवंय तसंच."

मोठ्या बाई उठल्या. "पाच वाजता मी पोलिसांना फोन करणार. तोवर हॉस्पिटलच्या शब्दाखातर थांबते. आणि सूनबाई, ऐकून ठेव. पोरगी इथंच राहील. हे असलं करणाऱ्या हातात मी माझी नात देणार नाही."

 सूनबाईनं भिंतीला टेकवलेली बोटं पांढरी पडली होती.

२

यंत्रघरात दोघीच उरल्या. कंप्रेसरच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागत होतं, आणि सूनबाईला ओरडायला निमित्त हवंच होतं.

"हुकूम मी दिलेला नाही!"

"मग नाव तुमचं कसं?"

"ते माहीत असतं तर तुमची वाट बघत बसले असते होय? आणि अजून एक. वितळवण्याच्या एका फेरीनं टिकल्या लाल होतातच कशा? खोकी एवढं सोसतात. एक फेरी तर डोळे मिटून सोसतात. पण ऐकतो कोण!"

तपासनिसानं हे मनात टिपून ठेवलं आणि भिंतीवरच्या लहानशा करड्या पेटीकडे बोट केलं. "ही काय करते?"

"मध्यस्थी. हुकूम दोन वाटांनी येतात. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून केबलनं, नाहीतर भाऊजींच्या हँडसेटवरून रेडिओनं. पेटी दोन्ही निरोप घेते आणि एकाच जोडणीवरून पुढे नियंत्रकाला, म्हणजे सगळं चालवणाऱ्या मुख्य यंत्राला, देते. प्रोग्रॅम माझा आहे."

"निरोपाभोवती वाहतुकीचं हेडर असेल ना?"

"असणारच. केबलचं वेगळं, रेडिओचं वेगळं."

तपासनिसाला हा विषय आवडीचा. दूरच्या यंत्राला काम सांगायचं तर निरोप म्हणजे पत्र आणि हेडर म्हणजे त्यावरचा लिफाफा. ज्या टपालानं पत्र जातं त्या टपालाचा लिफाफा. दारात पोचलं की लिफाफा फोडायचा आणि पत्रावर काम करायचं. कुणी लिहिलंय ते पत्रातच असायला हवं.

"निरोपात देणाऱ्याचं नाव असतं?"

"जागाच नाही. निरोपाचा साचा जुना आहे. पण नियंत्रकाला नाव हवं असतं, नाहीतर हुकूम घेत नाही." सूनबाई जराशी अडखळली. "पुढच्या जोडणीच्या हेडरमध्ये ते होतं. मी तिथून उचललं."

"ती जोडणी कोण उघडतं?"

"सकाळी जो पहिल्यांदा कॉम्प्युटरवर आपलं नाव घालून आत शिरतो तो. म्हणजे मीच. रोज."

"आणि मग दिवसभर तीच चालते?"

 सूनबाईचे डोळे पेटीवर खिळले होते.

तपासनिसानं दारातून धाकट्याला हाक मारली. तो कपाळाला आठ्या घालून आला. "हँडसेटवरून यंत्रघरातला दिवा लावा."

"एवढ्यासाठी बोलावलंत? बटण भिंतीवर आहे, मॅडम. हात पोचत नाही का?"

"हँडसेटवरून लावा."

त्यानं कमरेचं हँडसेट काढलं, चडफडत कळ दाबली. दिवा लागला. नियंत्रकाच्या पडद्यावर शेवटच्या हुकमाची ओळ बदलली. देणाऱ्याच्या जागी नाव उमटलं सूनबाईचं. आणि सूनबाई तर हाताची घडी घालून पडद्यापासून चार हात लांब उभी होती.

३

"म्हणजे हुकूम कुणीही देवो, नाव हिचंच," धाकटा म्हणाला. त्याला हे फारसं रुचलेलं दिसलं नाही. "मग ही सुटली का?"

"नाही. 'कुणीही'मध्ये त्याही येतात."

"वा! बोलणं तर तोलूनमापून आहे." तो निघून गेला.

"आधी कधी लक्षात कसं आलं नाही?" तपासनिसानं विचारलं.

"तपासून पाहिलं होतं मी. दहादा पाहिलं." सूनबाईचा आवाज आता बसला होता. "माझ्याच टेबलावरून. दर वेळी नाव बरोबर यायचं. हा पडदा बघायला माझ्याशिवाय इथं येतं कोण? मला माझंच नाव दिसायचं, आणि मी खूश."

ही चूक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची नेहमीचीच. आपलं घर आपणच ठोठावायचं, आपणच दार उघडायचं, आणि कुलूप चांगलं आहे म्हणायचं.

तपासनिसानं जाड कोट चढवला आणि दोन नंबरच्या कक्षात गेली. एका फेरीत होऊ नये ते का झालं, हा प्रश्न तिला सोडत नव्हता. नळ्यांखाली वितळलेलं पाणी झेलणारं पसरट तबक होतं. पाणी वाहून जायच्या आधीच थंडी परतली की तिथंच त्याचा बर्फ होतो. तिनं विजेरी आडवी धरली. बर्फाच्या कडेवर मधोमध एक काळसर रेघ होती, धुळीची. रेघेखाली काचेसारखा थर, रेघेवर दुधाळ थर.

पाणी एकदा साचलं, गोठलं, त्यावर पंख्याची धूळ बसली. मग पुन्हा पाणी आलं. वितळवण्याची फेरी एकदा नव्हे, दोनदा झाली होती. नियंत्रक जुना; त्याच्या अहवालात फक्त शेवटचा हुकूम उरतो. म्हणून पहिल्याचा कुणाला पत्ताच नव्हता.

बाहेर आल्यावर बधिर बोटं चोळतच तिनं विचारलं, "रेडिओवर निरोपाला उत्तर आलं नाही तर हँडसेट काय करतं?"

"तोच निरोप आणखी एकदा पाठवतं. रेडिओवर निरोप हरवतात. केबलवर ही भानगड नाही."

"पण हरवलं फक्त उत्तरच असेल, निरोप पोचलेला असेल, तर काम दोनदा होईल."

"नाही होत. पुन्हा पाठवताना हँडसेट रेडिओच्या हेडरवर खूण करतं, की बाबा हा तोच आहे, नवा नाही. ती खूण बघून..." सूनबाई थांबली.

"बघून कोण काय करतं?"

"कुणीच काही करत नाही," ती म्हणाली. "माझी पेटी आलेलं हेडर फाडून फेकते. केबलच्या हेडरमध्ये कामाचं काही नसतं, म्हणून मी दोन्ही वाटांना तोच प्रोग्रॅम लावला. खूण फेकली जाते. नियंत्रकाला वाटतं नवा हुकूम आला. पहिली फेरी संपून थंडी परतली की तो इमानेइतबारे दुसरी सुरू करतो."

"लिफाफ्यावरून जे उचलायचं नव्हतं ते तुम्ही उचललंत. आणि जे उचलायला हवं होतं ते फेकलंत."

"दुखऱ्या जागी बोट ठेवायला मजा येते ना तुम्हाला?"

"मजा नाही. पण तुम्ही केबलवर बसला होतात, आणि हा हुकूम रेडिओवरून आलाय. तुम्हाला हे वाचवतंय."

सूनबाईनं डोळे पुसले. "रेडिओ म्हणजे हँडसेट. हँडसेट एकच आहे. आणि ते भाऊजींच्या कमरेवरून हलत नाही."

४

धाकटा गाड्यांपाशी उभा राहून दोन ड्रायव्हरांवर खेकसत होता.

"काल जेवणाच्या वेळी हँडसेट कुठे होतं?"

"कमरेला. आणखी कुठे?"

"जेवतानासुद्धा?"

एक ड्रायव्हर खुसखुसला. "जेवताना साहेबांच्या कमरेला पट्टासुद्धा राहत नाही, मॅडम."

"तू तुझी गाडी पूस!" धाकट्याचे कान लाल झाले. तपासनिसाला बाजूला घेऊन तो दबक्या आवाजात म्हणाला, "खुंटीला अडकवलं होतं. आतल्या बोळात, चार्जरपाशी. आईची सक्त ताकीद आहे, अंगावेगळं करायचं नाही म्हणून. तिला कळलं तर माझी सालं काढेल."

"म्हणून सकाळी सगळ्यांसमोर वहिनीला बोललात, आणि हे गिळलंत?"

"वहिनीला वाचवायची सुपारी घेतलीय का तुम्ही? ती आल्यापासून या घरात मला कुत्रं विचारत नाही."

"हँडसेट द्या."

"का म्हणून?"

"कारण आत्ता या घडीला सगळ्यांत जास्त संशय तुमच्यावर आहे."

त्यानं हँडसेट जवळजवळ फेकलंच.

तिचा हिशेब सरळ होता. हँडसेटनं निरोप पुन्हा पाठवला, तो उत्तर पोचलं नाही म्हणून. तर मग उत्तर पोचत नाही अशी जागा कुठली? ती गाड्यांपाशी उभी राहिली आणि दिव्याचा हुकूम दिला. उत्तर तत्काळ आलं. ड्रायव्हरांच्या बाकापाशी, जिथे काल धाकटा जेवला, तिथेही तत्काळ. बोळातल्या खुंटीपाशी तत्काळ. जिन्यात, ऑफिसात तत्काळ.

ती वर घरात गेली. मोठ्या बाई दारातच आडव्या आल्या. "आता माझ्या स्वयंपाकघरात काय सापडायचंय?"

"कदाचित काहीच नाही. तेच बघायचंय."

आत जमिनीवर नात चित्र रंगवत बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, "आई कधी येणार?" आजीनं तिचे रंग जवळ सरकवून दिले. तपासनिसानं कळ दाबली. उत्तर तत्काळ आलं.

शीतकक्षांना जेवणाच्या वेळी कुलूप असतं. उरली एकच खोली. बोळाच्या टोकाशी, खुंटीपासून दोन पावलांवर. दार हातभर जाड, त्याला लांबलचक लोखंडी मूठ. ही खोली एके काळी शीतकक्षच होती; यंत्रं मोठी झाली तशी ती मोडीत निघाली आणि आत टेबल टाकलं. भिंतींना अजून पत्रा होता, आतून आणि बाहेरून. दार तिच्यामागे आपोआप मिटलं.

तिनं कळ दाबली. हँडसेटचा रेडिओ दणकट, त्याचा निरोप पत्र्यातूनही पार जाणारा. यंत्रघरातल्या पेटीचा रेडिओ दुबळा, त्याचं उत्तर पत्र्यापाशीच अडणारं. दिवा तर लागला असणार. पण हँडसेटच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली: उत्तर नाही, पुन्हा पाठवत आहे.

"काही हवंय का?" टेबलामागून थोरल्यानं विचारलं. तो हसत होता, आणि त्याची नजर तिच्या हातावर होती.

५

पाच वाजायला आले होते. मोठ्या बाईंनी फोन समोर ओढून ठेवला होता. सूनबाई पुन्हा त्याच भिंतीला टेकून उभी होती.

तपासनिसानं नावाची गोष्ट सांगितली, लिफाफ्याची सांगितली, तबकातल्या बर्फाची सांगितली. हँडसेट खुंटीवर होतं हेही सांगितलं. मोठ्या बाईंनी धाकट्याकडे असं पाहिलं की तो खुर्चीत खाली सरकला.

पण पुन्हा पाठवण्याची गोष्ट तिनं सांगितली नाही.

"हुकूम दोनदा गेला आहे," ती म्हणाली. "एकदा गेला असता तर खोक्यांनी सोसलं असतं. सकाळी अहवालात सूनबाईंचं नाव दिसलं असतं, बोलणी बसली असती, कारभार हातून गेला असता. नुकसान शून्य. पण देणाऱ्याला तेवढ्यानं समाधान नव्हतं. पहिली फेरी पुरती होऊ दिली आणि त्यानं पुन्हा बटण दाबलं. पहिल्याला खोडसाळपणा म्हणता येईल. दुसरा म्हणजे थंड डोक्यानं केलेला घात. आमच्या वॉर्डात माणसं कातडीविना पडली आहेत. मी पोलिसांना सांगणार, की हे करणाऱ्याला त्यांच्या जिवाचंही काही वाटलं नाही."

"दोनदा कुणी दाबलं?" थोरला म्हणाला. "दोनदा नाही."

"बर्फात दोन थर आहेत."

"असतील! यंत्राचं काहीतरी असेल!" तो उठून उभा राहिला. त्याचा मऊ आवाज पार चिरकला होता. "एकदाच दाबलं होतं! एका फेरीत काही होत नाही, या घरातलं पोरसुद्धा सांगेल! कोण दोनदा दाबेल? मी काय राक्षस..."

धाकट्यानं मान वर करून भावाकडे पाहिलं.

"बस खाली," मोठ्या बाई म्हणाल्या.

"तुम्ही खरं बोललात," तपासनीस त्याला म्हणाली. "एकदाच दाबलंत. दुसऱ्यांदा हुकूम हँडसेटनं आपणहून पाठवला, कारण तुमच्या खोलीत उत्तर पोचत नाही. साऱ्या इमारतीत फक्त तिथंच पोचत नाही. आणि काल दुपारी तुम्ही तिथून जागचे हलला नव्हता. असं तुम्हीच सांगितलंत."

"नाव माझं येणार हे तुला कसं माहीत?" सूनबाईनं पहिल्यांदाच नवऱ्याकडे सरळ पाहिलं.

"तू रजेवरून उशिरा आलीस त्या दिवशी." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "सकाळी माझं नाव लावून मी आत गेलो होतो. दिवसभर हुकूम दिलेस तू, पडद्यावर नाव माझं. मी तुला सांगणारच होतो."

"मग?"

"मग आईनं कारभार तुला दिला. घरी तू, इथं तू. ड्रायव्हर मला विचारतात, वहिनींना विचारून सांगता का म्हणून. थोरला मी आहे!"

"मला म्हणायचं होतंस. त्या दिवशीच सोडला असता," सूनबाई म्हणाली. "माझी पोर पणाला लावलीस. सकाळी तुझ्या आईनं तिला ठेवून घेते म्हटलं, तेव्हा तू पाणी देत फिरत होतास."

धाकटा काहीतरी बोलायला गेला. "तू तर तोंडच उघडू नकोस," मोठ्या बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघही मऊ झाली नव्हती.

"पोरगी वर आहे. घेऊन जा. माझी हरकत नाही."

"हरकत घ्यायला ती तुमची नव्हतीच."

"पण त्या पेटीतल्या दोन्ही चुका तुझ्या आहेत. यानं काडी लावली, रॉकेल तुझं होतं."

"माहीत आहे," सूनबाई म्हणाली. "हॉस्पिटलला मी स्वतः लिहून देणार आहे. पेटी आज दुरुस्त करून जाते; उद्या तिथं माल येईल, त्याचा काय दोष? उद्यापासून मी नाही."

ती तपासनिसाच्या अंगावरून गेली, आभार न मानता. तपासनिसाला ते बरंच वाटलं. जिन्यावर तिची पावलं चढली, वर दार उघडलं, आणि एका लहान मुलीचा आवाज घाईघाईनं चित्राबद्दल काहीतरी सांगू लागला.

मोठ्या बाईंनी फोन उचलला.

"आई," थोरला म्हणाला. "घरातल्या घरात मिटव ना. मी तुझा..."

त्यांनी नंबर फिरवला. पलीकडून कुणीतरी बोललं. त्यांनी शीतगृहाचा पत्ता सांगितला, काय नासलं ते सांगितलं, कुणी केलं ते कळलं आहे असंही सांगितलं. मग पलीकडून एक प्रश्न आला असावा.

"आरोपीचं नाव?" त्या म्हणाल्या. "माहीत नसायला काय झालं. मीच ठेवलंय. घ्या लिहून."